कोशात नसलेला शब्द

मास्तरांवर माझा राग होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की हा बिचारा पश्चात्तापाने सुकून गेलाय. पश्चात्ताप आहे. पण त्याच्या शेजारीच राग बसलाय, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मीही कुणाशी बोललो नाही. बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही.

साठीच्या दशकाची सुरुवात होती. आमचं घर जुन्या भाईंदरात, खाडीकडच्या कोळ्यांच्या वस्तीत. बाप होडीवर, आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकणारी. मास्तर रत्नागिरीकडचे. शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि स्टेशनाजवळच्या चाळीत एका खोलीत एकटे राहायचे. आईचं हे ठरलेलं गिऱ्हाईक. बोंबील त्यांना फार आवडायचे. आई टोपली उतरवायची, मास्तर उंबऱ्यात बसून एकेक बोंबील उचलून बघायचे आणि म्हणायचे, "आजचे जरा नरम वाटतायत, बाई." आई म्हणायची, "मास्तर, बोंबील नरमच आसतंय. कडक पायजे तर सुकट घ्या."

शनिवारी शेवटचा तास इंग्रजीचा. त्या तासाला मास्तर धडा घेत नसत. फळ्यावर तीन इंग्रजी अक्षरं लिहायचे. ती तिन्ही ज्यात आहेत असा शब्द शोधायचा. अक्षरं पुढेमागे कुठेही आली तरी चालतील, पण शब्द जितका लांब तितका चांगला. ज्याचा शब्द सगळ्यांत लांब, तो पुढच्या शनिवारची अक्षरं ठरवणार. शब्द सांगणाऱ्याने उभं राहून एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचं आणि सगळ्या वर्गाने प्रत्येक अक्षराला बाकावर एक थाप द्यायची. सहा-सात थापांत बहुतेकांचे शब्द संपायचे. एखाद्याचा शब्द दहाच्या पुढे गेला की पोरं श्वास रोखून थाप द्यायची. इंग्रजीचं मला वेड लागलं ते त्या थापांमुळे. शब्दाचा अर्थ कळो न कळो, तो किती लांब जातोय ते हाताला कळायचं.

माझा शब्द कधी सातच्या पुढे गेला नव्हता. घरात पुस्तक नव्हतं, कोश तर दूरच. म्हणून मी दिसेल तिथून शब्द गोळा करायचो. औषधाच्या बाटलीवरून, रेल्वेच्या फलकावरून, साबणाच्या खोक्यावरून. सुट्टीत बापाबरोबर मुंबईला धक्क्यावर गेलो होतो, तेव्हा बर्फाच्या कारखान्याची भलीमोठी पाटी पाहिली होती. तिच्यावरचा एक शब्द मी तिथेच उभा राहून पाठ केला. बाप बर्फाच्या लाद्या मोजत होता आणि मी अक्षरं.

एका शनिवारी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, एफ, आर, जी. बर्फाच्या पाटीवरचा माझा शब्द मला त्या फळ्यावरच दिसला. पहिल्या बाकावरचा स्टेशनमास्तरांचा मुलगा उठला आणि म्हणाला, फर्गिव्हनेस. अकरा थापा. वर्गाने आ वासला. मग मी हात वर केला.

"रेफ्रिजरेशन," मी म्हटलं आणि अक्षरं सांगायला लागलो. थापा पडत गेल्या. अकरावी पडली तेव्हा स्टेशनमास्तरांच्या मुलाने मागे वळून बघितलं. तेरावी पडली आणि मी थांबलो.

मास्तर टेबलावरून उठले. "कुठून आणलास हा?"

"बर्फाच्या कारखान्याच्या पाटीवरून, सर."

"पाटीवरून!" ते हसले. वाईट हसले नाहीत, गंमत सुचल्यासारखे हसले. "म्हणजे वर बर्फ, बर्फाखाली मासळी, आणि मासळीखाली हा शब्द. तरीच म्हटलं, मघापासून वर्गात वास कसला येतोय!"

वर्ग हसत सुटला. काही पोरांनी नाकं धरली. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "पाटीवरचे शब्द आपण धरत नाही. पुस्तकातला हवा. बस खाली. फर्गिव्हनेस जिंकला."

असा नियम त्याआधी नव्हता. रेल्वेच्या फलकावरचे शब्द मुलं सांगायची आणि ते धरले जायचे. तो नियम माझ्यासाठी, त्या क्षणी जन्माला आला आणि पुढच्या शनिवारी मेला.

त्या दिवसापासून माझं नाव वास. "ए वास, वही दे." "वास आला रे, खिडकी उघड." मॅट्रिक होईपर्यंत हेच. मी अंगाला साबण घासून घासून कातडी सोलायचो. शाळेच्या वाटेवर आई समोरून येताना दिसली की गल्ली बदलायचो. पूर्वी ती घरी आली की तिच्या डोक्यावरची टोपली मी उतरवायचो, ते सोडलं. तिने एकदाच विचारलं, "काय रं, हात मोडला काय तुजा?" मी वही उचलून बाहेर गेलो. शेजारच्या पोरीने तिला सगळं सांगितलं असणार, कारण दोन दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "बोलला तर बोलला. मास्तर हाय तो."

"मग त्याला बोंबील कशाला देतेस?"

"गिऱ्हाईक हाय."

तिचे बोंबील त्यांना चालत होते. मी चालत नव्हतो. ही गोष्ट मी रोज एकदा स्वतःला सांगायचो. राग विझू नये म्हणून, विझत्या कोळशावर फुंकर घालतात तसं.

मॅट्रिकनंतर मी एका मिठागराच्या कचेरीत कारकून झालो आणि संध्याकाळी गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आली. ग्रंथपाल वगैरे म्हणायचे, पण काम म्हणजे कुलूप उघडणं, झाडणं आणि वर्तमानपत्रं काठीला लावणं. तिथे एक इंग्रजी शब्दकोश होता, कुणा जुन्या मीठ-एजंटाने देणगी दिलेला. दोन हातांनी उचलावा लागे. पानं कांद्याच्या सालीसारखी, आणि पाठ उसवलेली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी तोच खेळ वाचनालयात सुरू केला. गुरुवारी बिस्किटांच्या डब्यातून पुठ्ठ्याची तीन अक्षरं काढायची, दाराजवळच्या पाटीवर लिहायची, आणि रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी आपापला शब्द मांडायचा. मीठवाले, रेल्वेवाले, बँकेतले, दुकानदारांची मुलं, वीस-पंचवीस माणसं जमायची. थापा तशाच, आता टेबलावर. नियमही मास्तरांनीच घातले. एक, शंका आली तर निकाल कोशाचा. कोशात नाही तर शब्द नाही. दोन, पानं फाटतात, म्हणून कोशाला हात एकाचाच लागेल, किल्लीवाल्याचा. आणि तीन, किल्लीवाल्याने स्वतः शब्द मांडायचा नाही.

म्हणजे मला खेळता येत नव्हतं, नुसतं बघता येत होतं. इतकी वर्षं एकच स्वप्न पाहिलं होतं, की भर सभेत मास्तरांच्या शब्दापेक्षा एक तरी थाप जास्त मारून दाखवेन. तेही गेलं. आणि मास्तरांना यातलं काही आठवतही नव्हतं. खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आमचा विद्यार्थी. ह्याच्यासारखा कोश कोणी चाळत नाही." ते असं म्हणाले की माझ्या जिभेवर कडू पाणी यायचं.

ते सत्तरीच्या दशकाचं मधलं वर्ष असेल. मास्तरांची चाळ मालकाने बिल्डरला विकली. पूर्वेला इमारती उठत होत्या, आता स्टेशनाजवळही उठणार होत्या. बाकीचे भाडेकरू मिळाले तेवढे पैसे घेऊन दुसरीकडे हलले. मास्तरांना गावाला, भावाच्या घरी जावं लागणार होतं, आणि तिथे ते कुणाला नको होते. आईला त्यांनी तसं सांगितलं होतं. त्याच सुमारास वाचनालयाने इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग काढायचं ठरवलं. शिकवणाऱ्याला मागची खोली राहायला मिळणार होती. मास्तरांची सगळी आशा त्या खोलीवर होती. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणून मी सुटू शकत नाही.

कमिटीत दोन तट पडले. अर्धे मास्तरांच्या बाजूचे. अर्धे म्हणत, मास्तर आता विसरतात, त्यापेक्षा पूर्वेला जेसल पार्ककडे राहायला आलेला तो बँकेतला बी.ए. झालेला तरुण बरा, त्याला खोलीही नको. अध्यक्ष मिठाचे व्यापारी होते, गुजराती शेठ. ते म्हणाले, "झगडा नको. रविवारचा खेळ आहे ने? जे जीतेल त्याला वर्ग. बराबर?" मास्तर खूश झाले. खेळात ते हरत नसत.

त्या गुरुवारी डब्यातून अक्षरं निघाली, क्यू, डी, पी. क्यू बघून लोकांनी कपाळाला हात लावले.

रविवारी खुर्च्या कमी पडल्या. छोटे शब्द आधी झाले. मग बी.ए. उठला आणि म्हणाला, "क्वाड्रुप्लिकेट. आमच्या बँकेत फॉर्म चार प्रतींत भरतात, त्याला म्हणतात." तेरा थापा. टाळ्या पडल्या. मी कोश उघडून वाचून दाखवला. होता.

मास्तर सावकाश उठले. धोतर झटकलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. इतका सुखी माणूस मी पाहिला नव्हता. शब्द त्यांच्या तोंडात गोळीसारखा होता आणि ते तो चोखत होते.

"सेस्क्विपिडेलियन," ते म्हणाले.

"हे काय, मास्तर? इंग्रजी आहे की लॅटिन?" कोणीतरी विचारलं.

"दीड फूट लांबीचा, असा अर्थ. लांबलचक शब्द वापरणाऱ्यालाही म्हणतात." आणि ते अक्षरं सांगू लागले. टेबल हळूहळू वाजत गेलं. तेरावी थाप पडली आणि मग चौदावी. एकाच अक्षराने ते पुढे गेले होते. माझ्या वर्गाच्या बाकांचा आवाज मला ऐकू येत होता.

बी.ए.च्या बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, "असा शब्द ऐकला नाही बुवा कधी. कोश काय म्हणतो?"

सगळे माझ्याकडे वळले.

मी एस काढलं. पान सापडलं. उजव्या कॉलमात, मधोमध, माझ्या बोटाखाली तो शब्द होता. सरळ, स्पष्ट, मास्तरांनी सांगितला त्याच अक्षरांत. मी तो पुन्हा वाचला. मग मान वर न करता म्हणालो, "नाही."

"नीट बघ ने," शेठ म्हणाले.

"बघितलं, शेठ. सेस्क्वीचे एक-दोन आहेत. त्यानंतर एकदम सेसाइल." तो शब्द खरोखर तिथे होता, जरा खाली. खोटं सांगताना एक खरा शब्द हाताशी असावा लागतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मास्तर माझ्याकडे बघत होते. ते उठून आले असते, कोश फिरवला असता, तर त्या क्षणी मी संपलो असतो. सांगायला लाज वाटते, पण मला तेही हवं होतं. त्यांनी आपलाच नियम मोडावा, माझ्या हातातून कोश ओढावा, सगळ्यांसमोर आमची झटापट व्हावी. ते हलले नाहीत. त्यांच्या ओठांनी ती अक्षरं पुन्हा एकदा, आवाज न करता म्हटली.

"नाही का?" ते म्हणाले. "मग मीच रचला असेन. होतं असं हल्ली."

मागून एक जण म्हणाला, "मास्तरांनी घरी तळून आणला शब्द!" हशा पिकला. मी हसलो. सगळ्यांत मोठ्याने हसलो, आणि इतकी वर्षं छातीत अडकलेलं काहीतरी मोकळं झालं. त्या हसण्याची चव मला अजून आठवते. गोड होती. हे लिहायलाच हवं, नाहीतर या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही.

वर्ग बी.ए.ला मिळाला. घरी जाताना मी एस.चं ते पान डोळ्यांसमोर आणून पुन्हा पुन्हा त्यांना नाही म्हणत होतो.

पुढच्या आठवड्यात पाटीवरची अक्षरं बघायला मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्यातही नाहीत. आई सांगू लागली, "मास्तर बिगाडला. काल बोंबील घेतलं का न्हाय ते मना इचारतो. भावाला चिट्टी लिवायला बसला तर मना बोलतो, बाई, मना आता अक्षरांचा भरवसा न्हाय. मी बोलली, आवो मास्तर, मना काय कलतंय अक्षरातलं?" ती हसत सांगायची आणि मधेच थांबायची. मी जेवत असायचो. जेवत राहायचो.

एकदा मास्तर वाचनालयात आले ते घेतलेलं पुस्तक परत करायला. कोश टेबलावर होता, त्यांच्यापासून हातभर. मी मनात म्हटलं, बघा. उघडा. मी थांबवणार नाही. त्यांनी कोशाकडे बघितलं आणि हात मागे बांधून घेतले. "कोण बघतं रे आता एवढा जाड कोश? तूच," म्हणाले आणि गेले.

चाळ रिकामी करायच्या दिवशी आईने मला ओढून नेलं. "ट्रंक उचलायला मानूस न्हाय त्याच्याकडं." खोलीत एक ट्रंक, एक वळकटी आणि खुंटीवर एक टोपी उरली होती. आईने वाटेसाठी सुके बोंबील फडक्यात बांधून आणले होते. ते तिने ट्रंकेवर ठेवले आणि पदराला हात पुसत म्हणाली,

"मास्तर, जातासा तर येक इचारते. राग मानू नका. माज्या पोराला तुमी येकदा वर्गात बोलला व्हता. वास येतो म्हनून. लय वर्सं झाली. पन त्यानं ते अजून गिललेलं न्हाय."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मास्तर माझ्याकडे वळले. "मी? असं बोललो होतो?"

"हो," मी म्हटलं.

"काय बोललो होतो, नेमकं?"

मी सांगितलं. बर्फ, मासळी, मासळीखालचा शब्द, वास, पाटीचा नियम, सगळं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. चौदा-पंधरा वर्षं मी तेवढ्यासाठीच ते पाठ ठेवलं होतं. ते लाल होतील, नाकारतील, नाहीतर आठवून खाली बघतील, यातलं काहीतरी मला हवं होतं.

मास्तरांनी बराच वेळ आठवून बघितलं. खरंच प्रयत्न केला त्यांनी, डोळे बारीक करून. मग मान हलवली.

"मला काही आठवत नाही रे. पण तू म्हणतोस तर बोललो असेन. माझ्या आठवणीचं आता काही खरं नाही, तुझ्यासमोरच कळलं ना त्या रविवारी. तुझं बरोबर असणार." त्यांनी दोन्ही हात जोडले, माझ्यापुढे. "चुकलो. माफ कर मला."

हीच माफी मला हवी होती. आणि ती देणारा माणूस मी सांगेन ते खरं मानायला तयार होता. मी म्हटलं असतं की तुम्ही मला पायाने तुडवलंत, तर त्यांनी त्याचीही माफी मागितली असती. ज्या मास्तरांनी वर्गाला हसवून मला खाली बसवलं, त्यांच्याकडून मला ती हवी होती, आणि त्या मास्तरांना मीच त्या रविवारी संपवलं होतं. समोर उरला होता तो एक घाबरलेला म्हातारा. त्याच्यावर राग काढताही येईना, आणि तो राग दुसरीकडे कुठे जाईना.

गाडीला वेळ होता. वाचनालयाची किल्ली माझ्या खिशात होती आणि वाचनालय तिथून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांना हाताला धरून नेता आलं असतं. पान उघडून त्यांचं बोट त्या शब्दावर ठेवता आलं असतं. मग त्यांना सगळं आठवलं असतं, मी कोण ते कळलं असतं, आणि वर्गात बोललेलंही कदाचित आठवलं असतं. खरी माफी मिळाली असती, नाहीतर थोबाडीत. दोन्ही माझ्या हक्काचं होतं. मी म्हटलं, "असू द्या, सर. जुनी गोष्ट."

आईचा चेहरा उजळला. तिला वाटलं, एवढ्या वर्षांचं मिटलं. तिने मास्तरांच्या हातात बोंबलांचं फडकं दिलं, वळकटी काखेत मारली आणि वाकून ट्रंकेची एक कडी धरली.

"चल रं," ती मला म्हणाली, "दुसरी तू धर."